आकडा

किसुमूच्या धक्क्यावर माझी पत्र्याची टपरी.
एक स्टूल, एक वही, दोन मोबाईल,
आणि एक पंखा, जो वारा देत नाही,
नुसती नकारार्थी मान हलवतो.

लोक येतात ते पिन सांगतच.
"आवुओर, पाचशे काढून दे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."
मासळीचा भाव सांगावा तसं, खणखणीत,
रांगेतल्या साऱ्यांना ऐकू जाईल असं.
मी कानांवर हात ठेवते.
त्यांना वाटतं, बाईला ऊन लागलं.

ओचोलाचा आकडा म्हणजे त्याच्या बुडालेल्या होडीचा नंबर.
आपियोचा, धाकटी जन्मली ते साल.
ओबोन्यो मास्तरांचा एक-दोन-तीन-चार.
"पोरांनाही आधी हेच शिकवतो," म्हणतात.

बदला, मी सांगते.
ज्याच्यावर जीव आहे तो आकडा ठेवू नका.
तुमचा जीव कशावर आहे
हे अख्ख्या धक्क्याला पाठ आहे.

मंगळवारी ओचोलाला फोन आला. आवाज मधाळ.
कंपनीतून बोलतोय, बाबा,
चुकून चार हजार तुमच्याकडे आलेत,
आता जो कोड येईल तेवढा वाचून दाखवा.
ओचोलाकडे चष्मा नव्हता,
म्हणून तो चालू फोन घेऊन माझ्याकडे आला,
वाचून दे म्हणाला.
मी फोन ओमेनाच्या पाटीत पालथा घातला.
आवाज किती तरी वेळ
सुक्या माशांना हॅलो, हॅलो करत होता.

मला कुणी शिकवलं हे?
माझ्या भाच्यानं.
आई गेली ते साल त्याला माहीत होतं,
माती द्यायला तोच तर पुढे होता.
एका रात्रीत खातं धुऊन नेलं.
पोलिसांना मी नाव सांगितलं नाही.
नाताळला त्याचा मेसेज येतो, मी उत्तर देते.
घरी आला की पहिल्यांदा वाढते त्यालाच,
पण फोन कमरेला बांधून.

आता माझा आकडा कशाचाच नाही.
त्या साली कुणी जन्मलं नाही, कुणी बुडालं नाही.
खरं सांगायचं तर तो मलाही येत नाही,
फक्त अंगठ्याला येतो.

काल मासा चिरताना सुरी घसरली.
अंगठ्याला ही जाड पट्टी,
आणि मी माझ्याच खात्याच्या दारात
परक्यासारखी उभी.

रांगेतून ओचोला म्हणाला,
"सांग की आकडा. मी दाबतो."

सगळे हसले. मीही हसले,
आणि दातांनी पट्टीची गाठ सोडायला लागले.