पाव गोळी

टे नदीच्या पुलावर वारा आडवा येतो
तेव्हा कळतं, कुणाचा भांग खरा आणि कुणाचा पांघरलेला.
मी डंडीत आल्यापासून टोपी घालतो.
घरी बाथरूमचा दिवा बरोबर टाळूवर पडतो,
घरमालकानं मुद्दाम तिथे लावल्यासारखा.
आई व्हिडिओवर म्हणायची, कपाळ भव्य होत चाललंय रे,
भाग्यवानाचं लक्षण.
माझं भाग्य दर वर्षी बोटभर मागे सरकत होतं.

नोव्हेंबरात, रात्री एक वाजता, मी फोनवर दुकान शोधलं.
डॉक्टर गाठायचा तर तोंडानं सांगावं लागतं,
आणि सांगणार काय?
बत्तिशीचा आहे, केस जातात, रडू येतं?
इथे कुणी काही विचारलं नाही.
एक चौकोन होता: मी सर्व वाचले आहे.
काही न वाचता त्यात खूण केली.

अठरा दिवसांनी पाकीट आलं,
वर चिकटवलेलं: भेटवस्तू, किंमत तीन डॉलर.
आत चार पट्ट्या, रबरबँडनं बांधलेल्या.
माहितीचा कागद नाही.
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त,
आणि मुदतीची तारीख अशी, की अंगठ्यानं पुसली जावी.
मी पुसून पाहिली नाही.

मोठी गोळी स्वस्त पडते, तिचे चार तुकडे करायचे.
टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी चिरणाऱ्या घरात वाढलोय,
हा हिशेब कुणी शिकवावा लागला नाही.
शलाका झोपली की मी ओट्यापाशी,
भाजीच्या पाटावर, सफरचंदाच्या सुरीनं.
एखादा तुकडा टणकन उडून शेगडीखाली जायचा.
भुगा बोटानं टिपून चाटायचो, वाया कशाला.

सकाळी त्याच पाटावर, त्याच सुरीनं,
ती सफरचंद कापायची.
दुसरं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं.
दहावा आठवडा होता.

तिच्यासाठी फॉलिक ॲसिड आणायला
पर्थ रोडवरच्या फार्मसीत गेलो.
मोराग गेडिस, पांढरे केस, पोरासारखे कापलेले.
डबी घेतली, आणि जाता जाता
एका मित्राबद्दल विचारलं.
त्याची छाती जरा हुळहुळते, म्हणालो.
ती माझ्या टोपीकडे बघत होती.
मित्र काय घेतो ते बघायला मिळेल?
मी खिशातून पट्टी काढली. मित्र तिथेच संपला.

चष्मा कपाळावर चढवून तिनं ती उलटसुलट केली.
ह्यात काय आहे मी सांगू शकत नाही, म्हणाली,
तेच असेल, किंवा खडू,
किंवा तेच, पण पाचपट.
मग तिची नजर फॉलिक ॲसिडच्या डबीवर गेली
आणि आवाज खाली आला.
घरात कुणी गरोदर आहे?
गोळ्या अख्ख्या गिळतोस ना? तोडत नाहीस?

मी पाट म्हणालो नाही. सुरी म्हणालो नाही.
मान हलली, कुठल्या दिशेला ते आठवत नाही.

केसानं गळा कापतात, असं आपण म्हणतो.
कापणारा दुसरा असतो, असं मी धरून चाललो होतो.

शलाकाला त्याच संध्याकाळी सांगितलं.
तिनं फक्त विचारलं, किती दिवस?
मी पट्टीतली रिकामी भोकं मोजून दिली.
नंतर, बऱ्याच वेळानं, भिंतीकडे बघत म्हणाली,
टक्कल मला लग्नाआधीच दिसलं होतं.

सुईणीनं सगळं लिहून घेतलं.
धोका बहुतेक लहान आहे, म्हणाली.
त्या 'बहुतेक'वर मी तीन रात्री झोपलो नाही.
रविवारी आईचा फोन: जावळ कुठे करायचं ठरवलंत का?
आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, रेंज नाहीये.

पाट टाकून दिला. सुरी धुतली,
पुन्हा धुतली, मग तीही टाकली.
हल्ली ती सफरचंद कापत नाही.
खिडकीपाशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून,
अख्खंच खाते, दातांनी.