अठरा नंबर

सायबर चौकापुढे, तिसऱ्या मजल्यावर
अठरा नंबरचा उंदीर
पुढचे पाय दांडीवर टेकून उभा.
मी ठेवले तसेच.
स्टॉपवॉच: एकशे चाळीस.

पाय धड आहेत त्याचे.
डोपामिन दारापर्यंत येतं,
पण रिसेप्टरच्या पाटावर
औषध आधीच मांडी घालून बसलंय.
मिशा तेवढ्या हलतात.

वहीत लिहिते: हालचाल नाही.

हुपरीत आप्पा असेच
न्हाणीच्या उंबऱ्याशी थांबतात.
पैंजणाला बारीक घुंगरू जोडणारे हात
टॉवेल धरून थरथरतात.
आई म्हणते, "चला की वो!"
मी फरशीवर खडूनं रेघ मारते
आणि आप्पा ती ओलांडतात,
ओढा ओलांडावा तशी.

नियमात बसत नाही, तरी
अठरा नंबरपुढे बोटानं रेघ ओढली.

एकशे ऐंशी.
उचलला.
काळीज तेवढं
तळहातावर पळत होतं.