शेरा

कमाटीबागेत, पुलाच्या अलीकडे,
लोक कठड्याला रेलून विश्वामित्रीत मगर शोधतात.
आम्ही दोघी त्यांच्याकडे पाठ करून
मेंदीच्या कुंपणापाशी, घोट्याएवढ्या गवतात.

"कंई पडी गयुं, बेन?" रणछोडभाई माळी विचारतो.
पडलं काहीच नाही.
उडालंय.

मातकट, रुपयाच्या नाण्याएवढं.
उडतं म्हणण्यापेक्षा ठेचकाळत जातं,
चार हात गेलं की बसतं, पंख मिटून.
फुलपाखरू म्हणायचं आपलं,
पण फुलाशी याचं येणंजाणं बेताचंच;
गवतातच जन्म, गवतातच बाकी सगळं.

ओळखायचं ते मिटलेल्या पंखावरून.
पुढच्यावर एक मोठा डोळा, पिवळ्या काठाचा.
मागच्यावरचे मोजायचे:
तीन, चार की पाच, त्यावर नाव ठरतं.
दिवाळी उलटली की लवकर यावं,
उन्हं चढत जातात तसे डोळे विरतात,
नुसते टिंब उरतात, मग कोण कोणाला ओळखणार.

ते आमच्या मधोमध बसलं.
"तीन," कुमुदिनी म्हणाली.
मोतीबिंदू काढल्यापासून ती सगळंच ठासून सांगते.
"चार," मी म्हणाले. "एक वर, तीन खाली."
बत्तीस वर्षं शेजारशेजारच्या खिडकीत नोटा मोजल्या,
एका नोटेचा फरक नाही कधी.
आणि आता या एवढ्याशावरून
दोघी हट्टाला पेटलेल्या, वहीत रकाना एकच.

शेवटी जागा बदलल्या.
मी गुडघे धरत तिच्या बाजूला गेले, वाकले.
इकडच्या पंखाला खाच होती,
सरड्याच्या तोंडाएवढी.
सकाळी पंख पसरून ऊन खाताना झालं असावं.
चौथा डोळा होता तेवढाच तुकडा गेलेला,
खाचेतून पलीकडच्या पंखाची तपकिरी आतली बाजू दिसत होती.
डोकं, पोट, सगळं जागच्या जागी.

पलीकडून कुमुदिनी पुटपुटली, "अगं, चारच की."

अशा नोटा आम्ही घ्यायचो.
उजेडाकडे धरायची, नंबर वाचता आला
की किंमत पुरी.

रकान्यात लिहिलं: चार.
पुढे, शेऱ्यात: एक कामी आला.

तेवढ्यात पुलावर गलका, दिसली, दिसली!
पोरं कठड्यावर चढली, रणछोडभाईची कात्री थांबली.
कुमुदिनीनं मानही वळवली नाही.
"दोनच तर असतात," म्हणाली, "पाण्याच्या वर.
त्यात मोजायचंय काय?"