ॲ, दोन, जे

हिर्ट्सहल्सच्या मासळी लिलावात
पहाटे पाचला, दिवे लागायच्या आधी
पडदा लागतो.
अंबर रंगाचा, ऐंशी रकाने, चोवीस ओळी,
आणि त्यात एक चौकोनी ठिपका,
ज्याचं बूड एका जागी टेकत नाही.

"त्याला हुकूम नाही द्यायचा, पत्ता द्यायचा,"
आयनर म्हणाला. एकतीस वर्षं याच खुर्चीत,
कोपरांवर चामड्याची ठिगळं,
बोटांना कॉफीचा आणि कॉडचा मिळून एकच वास.
नोव्हेंबरात मी त्याच्या जागी यायची होते.
"एस्केप, कंस, ओळ, अर्धविराम, रकाना, एच.
अर्धविराम विसरलीस
तर चौदावी ओळ आणि तिसावा रकाना मिळून
एक हजार चारशे तिसावी ओळ होते.
एवढी खोल ओळ आपल्याकडे नाही.
कर्सर बिचारा तळाशी जाऊन बसतो
आणि कॉडचा भाव हॅलिबटच्या अंगावर."

"आणि आकडे दिलेच नाहीत?"
"नुसतं एच? मग तो घरी जातो.
वर, डावीकडे, पहिली ओळ, पहिला रकाना.
कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही
की घरीच जातो तो."
एवढं बोलून त्याने डबा उघडला.
राईचा पाव, काकडीच्या दोन चकत्या.

कंसाचा किस्सा त्याने खाता खाता सांगितला.
जुन्या यंत्रांत जागा सात बिटांची,
आणि डेन्मार्कची तीन अक्षरं दारात ताटकळत उभी.
म्हणून काही खुणांना घर खाली करायला लावलं.
चौकटी कंस गेला, तिथे आमचं ॲ राहायला आलं.
एका वादळात केबलमध्ये खारं पाणी शिरलं,
एस्केप वाटेतच गळाला,
तोच तर त्यातला न दिसणारा,
आणि पडदा पुसला जायच्या ऐवजी
पडद्यावर उमटलं: ॲ, दोन, जे.
समोर चाळीस माणसं, गमबूट, बर्फ, पेट्या,
आणि पडदा बहिऱ्या म्हाताऱ्यासारखा विचारतोय,
ॲ?
ॲ?
"त्या दिवशी खडूने लिहून लिलाव केला.
भाव बरा आला."

बोली सुरू झाली की तो कर्सर लपवायचा.
"लोक भाव बघत नाहीत, लुकलुक बघतात.
ती थांबली की हात वर करू म्हणतात.
ती थांबत नसते."

ऑक्टोबर संपता संपता
पडदा पहिल्यांदा मी एकटीने पुसला.
सगळं गेलं.
सगळं गेलं नाही.
वरच्या ओळीत, काचेच्या आतल्या अंगाला,
करपलेल्या दुधाच्या रंगात:
बोट. मासा. किलो. भाव.
एकोणीस वर्षं तेच चार शब्द त्याच जागी,
आतला लेप जळून गेलेला.
मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदाही.
"ते आता मी लिहिलेलं नाही," आयनर म्हणाला,
"ते पडद्याचंच आहे."

शेवटच्या सकाळी त्याने मला सात आणि आठ दाखवले.
एस्केप, सात: ही जागा लक्षात ठेव.
एस्केप, आठ: परत तिथेच ये.
मधल्या वेळात कुठेही भटकावं,
तळाची ओळ पुसावी, घंटी वाजवावी.
"पण एकच जागा राहते हं त्याच्या लक्षात.
दुसऱ्यांदा सात दिलंस की पहिली गेली."
मग त्याने सात दिला,
कोट घातला,
आणि सायकलचं कुलूप काढायला खाली गेला.

तेव्हापासून मी सात वापरत नाही.
जरा लांबून जाते,
दर वेळी पूर्ण पत्ता देते, अर्धविरामासकट.
यंत्र रोज दुपारी बंद होतं,
आत काही उरलेलं नसणार, हे मला ठाऊक आहे.
आणि जपलेलं काहीच नसताना आठ दिला
तर कर्सर कुठे जातो, तेही.