डाव्या दाराखालचा पत्रा

उरूस उठला त्या वर्षी
मौत का कुआँवाला गाडी इथंच ठेवून गेला.
बिल झालं होतं एकशे ऐंशी.
म्हणाला, शुक्रवारी नेतो.
तो शुक्रवार परभणीत अजून आलेला नाही.

लान्चिया. हे नाव फार उशिरा कळलं,
तोवर नुसती उरसातली गाडी.
पुढच्या चाकांनी ओढणारी,
इंजिन असं चेपून बसवलेलं
जसे एसटीत तिघांच्या बाकावर चौघं.

बापानं, म्हणजे मुंजाजी डेंटरनं,
डाव्या दाराखालचा गंज कापून काढला
आणि करडईच्या तेलाच्या डब्याचा पत्रा
पितळेनं असा झाळला
की चाळीस वर्षं आत थेंब गेला नाही.

आता गाडी पुण्याच्या मालकाची,
आणि त्यानं फिरोजाबाई पाठवल्यात.
वय सत्तरीपुढचं. खिशात चुंबक,
दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा आरसा,
एक वही, तिच्यात एकेका बोल्टचं डोकं काढलेलं.
सतरंजी न मागता गाडीखाली सरकल्या.
"हा नट मूळचा. हा नाही. हा लुधियानाचा."
कशावरून, मी विचारलं.
"चेहऱ्यावरून."

मालकाला लाल पाहिजे.
इटलीची म्हणजे लालच, असं त्याच्या मनात बसलंय.
बाईंनी दाराच्या बिजागरीशी
रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरनं घासली.
वर कुएँवाल्याचा पिवळा, मग कुणाचा तरी लाल,
त्याखाली पांढरा, चुन्यासारखा सुटणारा,
आणि तळाशी निळसर राखी,
हुरड्याच्या आधी ज्वारीच्या पानावर
पहाटे दव धरतं, तसलं काहीतरी.
"हाच," म्हणाल्या, आणि मालकाला फोन लावला.
बराच वेळ ऐकून घेतलं.
शेवटी "मग दुसरी घ्या" म्हणून ठेवला.

दाराचं अस्तर निघालं तेव्हा
पाठीमागच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीचा नंबर,
त्यात तीन लिहून त्याचा आठ केलेला.
तुरिनच्या कुणा गड्याची झोप उडाली नसेल त्या सकाळी.
बाईंनी श्वास धरला. अकरा फोटो काढले.
"याला हात लावायचा नाही."
मग डाव्या दाराखाली चुंबक, आरसा.
"हे काढावं लागेल.
काम वाईट नाही हो. पण तिचं नाही."

त्या गड्याची चूक ठेवायची
आणि माझ्या बापाचं बरोबर काढायचं.
असं काही मी बोललो नाही.
चहा सांगितला, कमी साखरेचा.

नवा पत्रा आला. वहीत टाक्यांची अंतरं:
अडतीस, एक्केचाळीस, छत्तीस, परत एक्केचाळीस.
एकसारखे मारले तर खोटे दिसतात म्हणे.
आठवडाभर मी भंगाराच्या पत्र्यावर
त्या न पाहिलेल्या माणसाचा हात गिरवला,
लेकरू पाटीवर ग गिरवतं तसा.
आठव्या टाक्याला त्याची घाई, नवव्याला जास्तच,
मग एकदम सावकाश.
तिथं जेवणाचा भोंगा होत असेल.
पोरगा म्हणाला, "पप्पा, काय करायलात हे?
सरळ मारा की."

खऱ्या गाडीवर शेवटच्या तिनाला हात घसरला.
बापाचं अंतर पडलं, अंगठ्याच्या पेराएवढं.
काढून परत मारता आलं असतं.
संध्याकाळी बाईंचं भिंग फिरत फिरत तिथवर आलं,
जरा थांबलं.
"फॅक्टरी," म्हणाल्या,
आणि वहीत खूण केली.
त्यांना दिसलं का नाही दिसलं,
मला अजून सांगता येत नाही.

डब्याचा पत्रा मी घरी आणलाय,
खुराड्याच्या दाराला ठोकलाय, उलटा.
मान वाकडी केली तर कंपनीचं नाव वाचता येतं,
वजनही,
फक्त पंधरा किलोतला एक
खिळ्याखाली गेला.