गंज

लेखापरीक्षक पुण्याहून आले होते.
साठ्याची वही उघडून म्हणाले,
"गंज, चौदा? कशावर चढलाय हा गंज?"
म्हटलं, साहेब, आमच्या भंडाऱ्याकडे
भात ज्यात शिजतो त्याला गंज म्हणतात.
त्यांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं: पातेली.

गंज चौदा, कढया सहा, सराटे नऊ,
पाण्याचे गुंड चार, ताटं दोनशे अकरा.
(बारा होती. एक शिवणकरांच्या लग्नात गेलं,
त्यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.)
ताटामागे एक रुपया भाडं.
मयतीला भाडं नाही.
हा नियम कोणत्या सभेत झाला
ते ठरावांत सापडत नाही.

नागपूरच्या ट्रस्टनं पत्र्याचं शेड दिलं,
तीन वर्षं माझं मानधन दिलं,
मग त्यांचे प्राधान्यक्रम बदलले.
पत्र फार चांगलं लिहिलं होतं.
आम्ही ते फायलीला लावलं
आणि दर बुधवारी घरटी एक मूठ तांदूळ काढू लागलो.
रेवताला कळा आल्या तेव्हा रात्री दोनला
साकोलीला जीप गेली, ती त्या तांदळावर.
डिझेलवाल्यानं तांदूळच मोजून घेतले,
कणी आहे म्हणून कुरकुरला, पण घेतले.

भांड्यांवर नावं आहेत.
'कै. तुळसाबाई कापगते यांचे स्मरणार्थ.'
'बिडी कामगार महिला गट.'
एका परातीवर नुसतंच, 'जावयाकडून'.
नाव घालणारा लाखनीचा,
अक्षरामागे तीन रुपये, काना-मात्रा फुकट.

सुरजा मेश्राम तेंदूपानाचा बोनस घेऊन आली.
सगळ्यात जाड बुडाचा गंज घेतला,
वर तीन रुपये उरले.
"येवढ्यात काय येते?"
"एक अक्षर."
"मंग टिंब दे ठोकून. अक्षर मले वाचता येत नाही,
टिंब वळखू येते."

साहेबांचं बोट त्याच रकान्यावर थांबलं:
दात्याचे नाव.
"अनामिक लिहा," ते म्हणाले.
अनामिक कशी? कालच ती इथे बसून
दुसऱ्यांच्या पंगतीची खरकटी घासत होती.
अनामिक म्हणून हाक मारली तर ओ तरी देईल का?
मग त्यांनी लाभार्थ्यांची यादी मागितली.
मी दिली.
"ही तर देणगीदारांची आहे."
"तीही हीच आहे, साहेब."
ते बराच वेळ दोन्ही कागद उजेडाला धरून होते.
चहा निवला. शेरा काय मारला
ते मला लागलं नाही, अक्षर डॉक्टरासारखं.

पुसात सुरजा गेली.
घरात सही करणारं कुणी नव्हतं.
तेरवीला बाया आपणच आल्या,
आपणच म्हणाल्या, टिंबाचा काढ.
'कोणी नेले' या रकान्यात मी
पेन बराच वेळ धरून ठेवला,
शाईचा एक ठिपका पडला, तो तसाच राहू दिला.

परत: आला. बुडाशी भात करपलेला.
बोडीवर नेऊन राखेनं घासला,
दोनदा धुतला, उपडा घातला उन्हात.
सगळं निघालं.
टिंबात तेवढी
चिमूटभर राख राहिली.