कानस

उद्यमनगरात तेहतीस वर्षं पॅटर्न करणारा माझा बाप
बायबल वर्गात एकच दाखला देई:
वाळूचा साचा, वितळलेलं बीड, आणि दम धरून उभी माणसं.
"एकदा ओतलं की वस्तू झाली," म्हणे.
"कानस फिरवायची ती मागनं.
कानशीनं कधी कास्टिंग जन्माला आलंय का, सांगा."

मागच्या बाकावरून टबीथा सिस्टर, म्हणजे माझी आई,
रात्रपाळी उरकून थेट आलेली:
"आणि धार तशीच ठेवली की हात कापतो, त्याचं काय?
टाके मी घालतो, अमोस. मला विचार."

वर्ग हसे. पाळक घड्याळ बघत.
एकाच पुस्तकातली दोन पत्रं,
मध्ये बोटभर पानं,
त्या बोटभर जागेत आमचं घर.

कुठल्या थंड मुलखात पाचशे वर्षांपूर्वी पेटलेलं भांडण
आमच्याकडे रविवारच्या मटणावर येऊन बसे.
तो म्हणे, तारण म्हणजे पगार नव्हे.
ती म्हणे, पगार कोण मागतंय, कामावर तरी ये.
तो म्हणे, शेजारच्या खांबावरच्या चोरानं
कुठलं सत्कर्म केलं होतं?
ती वाढता वाढता म्हणे,
हात खिळलेले होते त्याचे.
मोकळे असते तर बघितलं असतं.

मला वाटे, दोघांतलं एकच जण स्वर्गात जाणार.
कुणासाठी रडायचं
ते मी अंथरुणात ठरवून ठेवी,
आणि सकाळी बदली.

ऑगस्टात त्याची उजवी बाजू गेली.
वाचाही, निम्मीशिम्मी.
पंचमंडळी आली, सफरचंदं आणली,
विश्वास धरा म्हणाली.
त्याला सांगत होती. त्याला.
दुसरं उरलं काय होतं धरायला?

ती त्याला कुशीवर घेते, पाठ पुसते,
भांडं काढते, चादर बदलते,
चमचा ओठाशी धरून
स्वतःचंही तोंड उघडते, नकळत.
आणि तो,
ती विहिरीवरल्या मोटारीकडे गेली की
डाव्या हातानं सदऱ्याचं एक बटण लावायला घेतो.
दहा मिनिटं. चुकीच्या काजात.
ती आली की तोंड भिंतीकडे.

फुकट आहे, फुकट आहे, जन्मभर सांगत आला.
फुकट घेणं एवढं अवघड
हे त्याच्या वहीत कुठंच नाही.
मी चाळून पाहिली.

न्हाणीत चादर पिळताना म्हटलं,
आई, शेवटी तूच जिंकलीस की.
तिनं पिळा सोडला नाही.
"कशात? काम हाय, करतो.
रात्री तीनला उठताना मनात काय काय येतं
ते तुला ठावं न्हाई.
ते कुणी मोजाय बसलं तर मी कुठली वाचतो?
वरच्यानं तुझ्या बापाचंच खरं धरावं,
एवढंच मागतो मी."
मग म्हणाली, दुसरं टोक धर.

स्वयंपाकघराच्या दाराला अडण म्हणून
एक नापास पुली आहे, पोटात हवेचं भोक पडलेली,
त्यानं कधीतरी सायकलवर आणलेली.
आईच्या अंगठ्याला तिची कड लागते. वर्षानुवर्षं.
परवा तो पुलीकडे बोट करून
घोगरा बोलला: का. का. नस.

ट्रंकेतून काढून दिली.
आईनं मांडीखाली पेपर पसरला, पुली ठेवली,
आणि काही न बोलता
दूध बघायला गेली.

एक ओढ. थांबा. एक ओढ.
कड गेली का, मी पाहिलं नाही.
सकाळी पेपर उचलला तर
चिमूटभर करडा भुगा.
टाकायचा की ठेवायचा, कुणाला विचारावं कळेना.
घडी घालून
खिडकीत ठेवलाय.